आवाज वाढवा, पण गाणाऱ्याचा!

एक प्रयोग करून बघा. हसनाबादहून जालन्याला कॉलेजला जाणारी सकाळची एसटी असते ना, तिच्यात मागच्या सीटवर बसलेल्या चार-पाच जणांना विचारा, 'पाऊले चालती पंढरीची वाट' हे गाणं कुणी म्हटलंय? गाणं सगळ्यांना माहीत असतं. आषाढी जवळ आली की पंधरा दिवस दुसरं काही कानावर पडतच नाही. पण गायकाचं नाव? एक जण म्हणेल भीमसेन जोशी. दुसरा म्हणेल, 'अजय-अतुलचं असेल.' मी विचारलं तेव्हा एकीने मोबाइलवर शोधलं आणि म्हणाली, "अरे, हे तर प्रल्हाद शिंदे! पण ते तर जयंतीची गाणी म्हणायचे ना?"

त्या 'पण'साठी हे सगळं लिहितोय.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात शिंदे घराण्याची तीन वेगवेगळी खाती आहेत. एक, देवाधर्माची जुनी गाणी. दोन, १४ एप्रिलची गाणी. तीन, लग्नात आणि विसर्जनात नाचायची गाणी. हे तिन्ही एकाच घरातून, बापाकडून पोरांकडे आणि पोरांकडून नातवांकडे आलंय, हे फार कमी जण एका वाक्यात सांगू शकतात. परदेशात असं घराणं असतं ना, तर त्यावर वेब सिरीज निघाली असती, टी-शर्ट निघाले असते आणि ते टी-शर्ट आपणच ऑनलाइन मागवले असते.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा, गाव मंगळवेढा. हे गाव लक्षात ठेवा. संत चोखामेळ्यांचं नाव याच गावाशी जोडलेलं आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरला देवळाच्या बाहेर आहे, पायरीशी. आणि ते देऊळ सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते मे १९४७ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्याच्या फक्त तीन महिने आधी. प्रल्हाद शिंदे तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे असतील. ज्या देवळात आपल्या माणसांना जाता येत नव्हतं, त्या देवळाच्या वाटेचं गाणं पुढे याच माणसाच्या आवाजात घरोघरी गेलं. दत्ता पाटलांचे शब्द, मधुकर पाठकांचं संगीत आणि हा आवाज. आज दिंडी पुढून जाते तेव्हा ट्रॉलीवरच्या कर्ण्यातून तोच आवाज येत असतो, आणि दिंडीत चालणाऱ्या कितीतरी जणांना तो कुणाचा, हे माहीत नसतं.

हा आवाज तयार झाला कव्वालीत. मुंबईत इस्माईल आझाद यांच्या पार्टीत ते कोरसला होते. इस्माईल आझाद म्हणजे १९५८ च्या 'अल हिलाल' सिनेमातल्या त्या प्रचंड गाजलेल्या कव्वालीचे गायक. ती कव्वाली तुमच्या आजोबांना विचारा, डोळे मिटून म्हणतील. आता कोरसला बसणं म्हणजे काय, हे जरा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मुख्य गायक ओळ टाकतो. ती तुम्ही उचलायची, त्याच पट्टीत, त्याच जोरात, टाळी चुकू न देता. तो श्वास घेतो तेव्हा तुम्ही गाणं धरून ठेवायचं. मध्येच त्याने शेर टाकला तर थांबायचं आणि तो परत मुखड्यावर आला की एकदम तुटून पडायचं. मैदान मोकळं, माइक एखादाच, समोर हजारभर माणसं, रात्रीचे दोन वाजलेले. अशा जागी गोड, बारीक, कानात कुजबुजणारा आवाज चालतच नाही. आवाज फेकावा लागतो. प्रल्हाद शिंदेंचा सूर ऐका, तो वरून येतो, टोकदार असतो, आणि शेवटच्या माणसापर्यंत शब्द स्पष्ट पोचतो. कुणी त्याला 'रांगडा' म्हणतं. मला हा शब्द आवडत नाही. इतका फेकूनही शब्द फाटत नाही, सूर हलत नाही, याला रियाज लागतो.

आणि याच आवाजात भीमगीतं. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आधीपासून आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होतेच. भीमराव कर्डकांचा जलसा, मग वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा (१९२२–२००४) हजारो गाणी लिहून गेले. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना बाबासाहेब कळले ते भाषणांच्या पुस्तकांतून नाही, या गाण्यांतून. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही एकाच वर्षी गेले, २००४ मध्ये, महिनाभराच्या अंतराने. त्या वर्षी आपल्यापैकी काही जण रांगत होते, काही जन्मायचे होते.

इथे जरा लांब जाऊ या. थेट अमेरिकेत, डेट्रॉइटला.

तिकडे काळ्या माणसांच्या चर्चमध्ये अशीच गायकी होती. एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात, टाळ्या, पायाचा ठेका, घाम. तिला गॉस्पेल म्हणतात. तीच गायकी चर्चच्या दाराबाहेर आली, देवाच्या जागी प्रेयसी आली आणि तिचं नाव झालं सोल. चर्चवाले चिडले. देवाची चाल बाजारात विकली म्हणाले. आपल्याकडे उलटं झालं. आंबेडकरी घरातला गायक विठ्ठलाची गाणी गातो म्हणून काहींनी नाक मुरडलं, आणि विठ्ठलाची गाणी ऐकणाऱ्यांनी त्याची भीमगीतं ऐकलीच नाहीत. गायकाने दोन्ही दारं उघडली होती. ऐकणारे आपापल्या दारातच उभे राहिले.

तर डेट्रॉइटला मोटाउन नावाची कंपनी १९५९ मध्ये निघाली आणि तिच्याकडे 'द टेम्प्टेशन्स' नावाचा पाच गायकांचा ग्रुप होता. एकसारखे सूट, एकसारख्या स्टेप्स, पाच वेगवेगळे आवाज. खालचा खर्ज एकाचा, वरची पट्टी दुसऱ्याची. १९६५ च्या सुरुवातीला 'माय गर्ल' हे त्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरला गेलं. गोड, मऊ, पोराटोरांना प्रेमात पाडणारं. गोऱ्या पोरांच्या घरातही वाजलं. मग १९६८ आलं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शहरं पेटली. त्याच वर्षी या ग्रुपचा मुख्य गायक बदलला आणि आवाजही बदलला. निर्माता नॉर्मन व्हिटफील्डने गिटारला वेडंवाकडं करणारी यंत्रं लावली, लांबच लांब वाद्यं आणली, एकच ओळ पाच जणांत वाटून टाकली. जुने चाहते म्हणाले, वाटोळं केलं. पण 'क्लाउड नाइन' या गाण्याने मोटाउनला पहिला ग्रॅमी मिळवून दिला. १९७२ मध्ये त्यांचं जे गाणं आलं, 'पापा वॉज अ रोलिन स्टोन', ते अल्बमवर बारा मिनिटांच्या जवळ जातं, आणि गायकाचं तोंड उघडायला जवळपास चार मिनिटं लागतात. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. म्हणजे हे दोन धागे मी ओढूनताणून जोडत नाहीये. ते तेव्हाच्या पोरांनी जोडलेले होते.

ती चार मिनिटं मात्र लक्षात ठेवा. त्या गायकांनाच व्हिटफील्डबद्दल तक्रार होती की वाद्यं आमच्या गळ्यावर बसतायत. हे आपल्याला पुढे लागणार आहे.

आता पोपट.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. टेपरेकॉर्डर रिक्षात, टपरीवर, लग्नाच्या मांडवात शिरला. रेडिओवर काय लागणार ते कुणीतरी साहेब ठरवायचे. कॅसेट तुम्ही स्वतः विकत घेत होता. त्या काळात प्रल्हाद शिंदेंची मुलं, आनंद आणि मिलिंद, यांचं 'जवा नवीन पोपट हा' आलं आणि महाराष्ट्रात असं एक गाव उरलं नाही जिथे ते वाजलं नाही. (हे आनंद-मिलिंद म्हणजे 'कयामत से कयामत तक'चे संगीतकार नव्हेत. ती जोडी वेगळी. माझ्या एका मित्राने या मुद्द्यावर पैज हरली आहे.) आवाज वडिलांचाच, वरच्या पट्टीचा, फेकलेला. पण ठेका बदलला. ढोलकीच्या जोडीला यंत्रावरचा ताल आला, गाणं आटोपशीर झालं, मुखडा पहिल्या झटक्यात पकडणारा. रात्रभराची कव्वाली नाही, कॅसेटच्या एका बाजूवर बसेल असं गाणं.

शहाण्या लोकांनी तेव्हाही नाकं मुरडली आणि आजही मुरडतात. यात दोन गोष्टींची भेसळ होते, ती वेगळी करू या. त्या काळातल्या कितीतरी द्व्यर्थी गाण्यांबद्दल माझीही तक्रार आहे. तीच गाणी लावून चौकात उभी राहणारी टोळकी आणि मान खाली घालून तिथून जाणाऱ्या आपल्याच वर्गातल्या मुली, हे मी पाहिलंय. ते 'लोककला' म्हणून खपवायला माझी तयारी नाही. पण 'हा आवाजच हलका' असं कुणी म्हणत असेल, तर ते गाण्याबद्दल बोलत नाहीत. ते गाणाऱ्याबद्दल बोलतायत. पुरावा? २००६ मध्ये 'जत्रा' सिनेमा आला. अजय-अतुल यांनी 'कोंबडी पळाली' आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्याकडून गाऊन घेतलं. तोच गळा, तोच फेकलेला सूर. पण आता तो मल्टिप्लेक्समध्ये, पुण्याच्या सोसायटीतल्या गणपतीत आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एकदम चालून गेला. आवाज बदलला नव्हता, पाकीट बदललं होतं.

पुढची पिढी तर तुम्हाला माहीतच आहे. आनंद शिंदे यांचा मुलगा आदर्श. 'दुनियादारी'मधलं (२०१३) 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' हेडफोन लावून ऐका. गाणं प्रेमभंगाचं, पण हाक देवाला, आणि वरच्या सुरावर जाताना जो जोर येतो तो थेट आजोबांच्या मैदानातला. मघाशी सोलबद्दल बोललो ते हेच. पुढच्याच वर्षी 'पोश्टर बॉईज'मध्ये बाप-लेकांनी मिळून 'आवाज वाढव डीजे' म्हटलं. मग टीव्हीवर बाबासाहेबांवरची मालिका आली, तिच्या शीर्षकगीतात पुन्हा आदर्शचा आवाज. भाऊ उत्कर्ष डॉक्टर आहे, गातो, आणि 'बिग बॉस मराठी'तही दिसला. म्हणजे तीन पिढ्यांत कव्वालीची पार्टी, कॅसेट, सिनेमा, टीव्ही, मोबाइल. टेम्प्टेशन्सपेक्षा हा प्रवास काही कमी नाही. तिकडे माणसं बदलत गेली आणि ग्रुपचं नाव राहिलं. इकडे आडनाव आणि गळा राहिला, बाकी सगळं बदलत गेलं.

मग तक्रार काय आहे?

तक्रार त्या चार मिनिटांची आहे. गेल्या काही वर्षांत जयंती असो, विसर्जन असो, उरूस असो, गावात काय येतं? ट्रकवर बॉक्सची भिंत. गाणं शिंद्यांचंच असतं, पण त्यातला गळा कापून फक्त मुखडा ठेवलेला असतो आणि बाकी सगळा बेस. छातीत धाडधाड होतं, शेजारच्या पत्र्यांना कंप सुटतो, म्हातारी माणसं दारं लावून बसतात. शब्द? एकही नाही. ज्या गाण्यांचा जन्मच मुळी शब्द पोचवण्यासाठी झाला, त्यांच्यातला शब्दच ऐकू येईना. व्हिटफील्डने निदान चार मिनिटांनंतर गायकाला जागा दिली होती. आपले डीजेवाले ती पण देत नाहीत. मी नाचत नाही असं नाही बरं का. पहिल्या रांगेत असतो. पण गेल्या वर्षी मध्येच लक्षात आलं की ज्या गाण्यावर आपण अर्धा तास नाचतोय, त्याचं दुसरं कडवं आपल्याला येत नाही. बाजूच्याला विचारलं, त्यालाही येत नव्हतं. तुम्हाला येतं?

'चालायचंच, पोरं आहेत' असं म्हणून हे सोडून द्यावं इतकं हे साधं नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुण विद्यार्थ्याचा खून झाला. फोनवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद सुरू झाला, अशी बातमी तेव्हा सगळ्या पेपरांत होती. एक रिंगटोन. काही सेकंदांचं गाणं. आपल्या महाराष्ट्रात एखादं गाणं कुणाच्या खिशात वाजतं, यावर जीव जाऊ शकतो. म्हणून जेव्हा आपण म्हणतो, 'ही त्यांची गाणी, ती आपली गाणी', तेव्हा ते नुसतं आवडी-निवडीचं बोलणं राहत नाही.

आणि हे आपण रोज करतो. आमच्या ओळखीच्या एका कॉलेजात गॅदरिंगच्या यादीतून भीमगीत काढलं. कारण काय, तर 'जयंतीला म्हणा की, गॅदरिंगला कशाला?' त्याच गॅदरिंगमध्ये त्याच घराण्याच्या गाण्यावर ग्रुप डान्स झाला आणि त्याला बक्षीसही मिळालं. कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. विचित्र वाटायला हवं असेल तर गायकाचं नाव माहीत असायला लागतं.

भोकरदन तालुक्यातल्या पोरांना हे सांगायची गरज नाही की अंगारकीला राजूरच्या गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर केवढी गर्दी असते. त्या वाटेवर शिंद्यांची गाणी वाजतात. १४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटसमोर नामविस्तार दिनाला लाखो माणसं येतात, तिथेही शिंद्यांची गाणी वाजतात. १९९४ चा तो नामविस्तार मिळवायला सोळा वर्षं लागली, माणसं मेली, घरं जळाली, आणि त्या सगळ्या वर्षांत गाणी होतीच. राजूरच्या वाटेवरचा आणि विद्यापीठाच्या गेटवरचा आवाज एकच. दोन्हीकडे गेलेला एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये आहे का, मोजून बघा.

बरं, सगळं काही बेसच्या भिंतीखाली गेलंय असंही नाही. कडूबाई खरात ऐकल्यात का? आपल्या मराठवाड्यातल्या, संभाजीनगरच्या. हातात एकतारी, बाकी काही नाही. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि त्या महाराष्ट्रभर पोचल्या. ना स्टुडिओ, ना बॉक्स. एक तार आणि एक गळा, आणि त्या गळ्यातून शब्द न् शब्द ऐकू येतो. मोठ्ठा आवाज म्हणजे मोठं गाणं, हे ज्यांना वाटतं त्यांनी तो व्हिडिओ बघावा. आणि हो, शिंदे घराण्याच्या या सगळ्या गोष्टीत बाया फार कमी दिसल्या, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कोरसमध्ये, जलशात, घराघरांतल्या वंदनेत बाया गातच होत्या. कॅसेटच्या कव्हरवर मात्र त्या क्वचितच आल्या.

मग करायचं काय? डीजे बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही आणि मलाही पाळता येणार नाही. पण मंडळाच्या मीटिंगमध्ये वर्गणीचा हिशोब होतो ना, तिथे एक गोष्ट मागता येईल. मिरवणुकीच्या आदल्या रात्री दोन तास गाणारी माणसं बोलवा. खरी माणसं, पेटी, ढोलकी, कोरस. बॉक्सच्या भिंतीला जो पैसा जातो त्यापुढे हा खर्च काहीच नाही. कोरसला आपण बसू. चुकेल, टाळी मागेपुढे होईल, पहिल्या वर्षी लोक हसतील. होऊ दे. आणि कॉलेजात समूहगीताच्या स्पर्धेचा फॉर्म येतो तेव्हा त्याच त्या तीन देशभक्तिपर गाण्यांच्या पलीकडे एकदा बघा. कव्वालीच्या ढंगातलं भीमगीत पाच-सहा जणांनी बसवायला घेतलं की कळतं काय अवघड असतं ते. आम्ही बसवतोय. अजून दुसऱ्या कडव्यावर गाडी अडते.

त्या दुसऱ्या कडव्यासाठीच मी गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांकडे गेलो होतो. तरुणपणी ते गायन पार्टीत होते, आसपासची सगळी गावं बैलगाडीने फिरलेले. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून दोनशे पानी वही काढली. पुढून भीमगीतं, निळ्या शाईत. मागून उलटी धरली की विठ्ठलाची आणि गणपतीची. मधल्या पानांवर किराण्याची उधारी. मी म्हटलं, "बाबा, फोटो काढू का?" ते म्हणाले, "फोटो कशाला, म्हणतो की. कोणतं पायजे तुला, पुढून का मागून?"